ठळकही आणि तिरपाही: सदिशाच्या अक्षराची गोष्ट

प्री-सबमिशन सेमिनारच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट आहे. माझं तिसरं प्रकरण लेटेकमध्ये होतं आणि विभागाला हवी होती वर्डची फाइल. एका फुकटच्या कन्व्हर्टरमधून ती काढली, वरवर चाळली आणि पाठवून दिली. सेमिनारच्या दिवशी बाहेरून आलेले सर तेराव्या पानावर थांबले. "या दोन्ही राशी धन आहेत असं तुम्हीच वर लिहिलंय. मग त्यांची बेरीज शून्य कशी येते?"

मी पडद्यावर बघत राहिले. समीकरण साधंच होतं: एफ-एक अधिक एफ-दोन बरोबर शून्य. माझ्या मूळ फाइलमध्ये ते दोन्ही एफ ठळक आणि तिरपे होते, म्हणजे बलाचे सदिश. दोन विरुद्ध दिशांची समान बलं एकमेकांना रद्द करतात, यात कुणालाच अडचण नव्हती. पण कन्व्हर्टरनं ठळकपणा खाऊन टाकला होता आणि उरले होते नुसते तिरपे एफ, म्हणजे बलांची परिमाणं. दोन धन संख्यांची बेरीज शून्य! सरांचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. गणित चुकलं नव्हतं, अक्षर चुकलं होतं.

तुम्ही नेट-सेटच्या तयारीत असाल किंवा नुकतंच कोर्सवर्क सुरू केलं असेल, तर ही 'टायपिंगची' बाब वाटेल. मलाही वाटायची. पण एकच एफ किती रूपांत येतो ते बघा. सरळ उभा एफ म्हणजे फॅरड, धारितेचं एकक. तिरपा एफ म्हणजे बलाचं परिमाण. ठळक आणि तिरपा एफ म्हणजे बलाचा सदिश. तसंच सरळ 'जी' म्हणजे ग्रॅम, तिरपा 'जी' म्हणजे गुरुत्वत्वरणाचं मूल्य आणि ठळक तिरपा 'जी' म्हणजे त्याची दिशा धरून असलेला सदिश. तिन्ही ठिकाणी अक्षर तेच, फरक फक्त वळणाचा. आपण अर्थाचा एवढा भार एका वळणावर टाकला तो कधी आणि का, हे त्या सेमिनारनंतर मी शोधत बसले. थीसिस बाजूला ठेवून असले उद्योग करू नयेत असं गाइड म्हणतात, पण असो.

आधी तिरपेपणाकडे जाऊ. हा इतिहास व्हेनिसचा आहे. आल्डस मॅन्युशियस हा तिथला विद्वान प्रकाशक, आणि त्याच्यासाठी अक्षरांचे पोलादी ठसे कोरणारा कारागीर फ्रान्चेस्को ग्रिफो. १५०० साली एका पुस्तकातल्या लाकडी ठशाच्या चित्रात काही शब्द या नव्या तिरप्या वळणात दिसले, आणि १५०१ साली रोमन कवी व्हर्जिलचं अख्खं पुस्तक त्यात छापून निघालं. पुस्तक लहान आकाराचं, हातात धरून वाचता येईल असं. इटलीतले विद्वान आणि दरबारी लेखनिक भराभर लिहिताना जे वळण वापरत, त्याचं हे छापील रूप.

'कागद वाचवायला इटॅलिक आलं' हे वाक्य तुम्हाला बऱ्याच ठिकाणी सापडेल. मला ते फारसं पटत नाही. बारीक सरळ टाइपातही तेवढाच मजकूर जवळपास तेवढ्याच जागेत बसवता येतो. विद्वान माणसाच्या हस्ताक्षरासारखं दिसणारं पुस्तक ही त्या काळच्या वाचकाला भुरळ घालणारी गोष्ट होती, हे कारण मला जास्त खरं वाटतं. आणखी एक गंमत अशी की या पहिल्या इटॅलिकमध्ये मोठी अक्षरं तिरपी नव्हतीच. वाक्याच्या सुरुवातीचं मोठं अक्षर ताठ उभं आणि पुढची लहान अक्षरं कललेली. मोठी अक्षरं कलायला पुढची काही दशकं गेली.

आपल्या मुद्द्याला महत्त्वाचं आहे ते वेगळंच. त्या वेळी तिरपा टाइप जोर देण्यासाठी नव्हता. अख्खं पुस्तक सरळ टाइपात किंवा अख्खं पुस्तक तिरप्यात, असा मामला होता. दोघांना एकाच ओळीत बसवून, त्यांच्यातल्या फरकाला अर्थ देण्याची सवय १६ व्या शतकात हळूहळू लागली. १५६० च्या जिनिव्हा बायबलचं उदाहरण मला फार आवडतं. मूळ हिब्रू किंवा ग्रीकमध्ये नसलेले, पण इंग्रजी वाक्य पूर्ण व्हावं म्हणून अनुवादकांनी पदरचे घातलेले शब्द त्यात तिरप्या अक्षरात छापले आहेत. म्हणजे अक्षर कललं की वाचकानं समजायचं, 'हा शब्द मूळचा नाही.' तिरपेपणानं विधानाचा दर्जा सांगायला सुरुवात केली होती. पुढे छापील गणितात चल राशींसाठी तिरपी अक्षरं रूढ झाली ती याच सोयीनं. वाक्यातलं 'ए' वेगळं आणि समीकरणातलं 'ए' वेगळं, हे डोळ्यांना न थांबता कळतं.

आता ठळकपणा. हा तिरपेपणाहून साडेतीनशे वर्षांनी लहान आहे, आणि मी वाचायला लागले तेव्हा मला सगळ्यात जास्त धक्का याच गोष्टीचा बसला. न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'त आजच्या अर्थाचा बोल्ड शोधायला जाऊ नका, तो सापडणार नाही. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींसाठी आणि लॉटरीच्या पत्रकांसाठी खूप जाड, फुगीर अक्षरं निघाली. रॉबर्ट थॉर्न या फाउंड्रीवाल्याचं नाव त्या संदर्भात घेतात. पण ती भिंतीवर ओरडण्यासाठी होती. ती परिच्छेदात साध्या टाइपाच्या शेजारी बसवली तर ओळच बिघडायची.

परिच्छेदात शेजारी बसेल असा ठळक टाइप १८४५ साली आला. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीच्या रॉबर्ट बेझलीनं तो काढला, ठसे बेंजामिन फॉक्सनं कोरले, आणि नाव दिलं क्लॅरेंडन. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसवरून. जाडसर, रुंद बुडाच्या सेरिफचा हा टाइप. (सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकांना असतात ते छोटे पाय. टाइम्स न्यू रोमनमध्ये आहेत, एरियलमध्ये नाहीत.) बेझलीनं नव्या कायद्याखाली त्याची नोंदणी केली. संरक्षण मिळालं तीन वर्षांचं. ती संपताच बाकीच्या फाउंड्र्यांनी त्याच्या नकला काढल्या आणि क्लॅरेंडन घरोघरी पोचला. कोशातले मुख्य शब्द आणि वेळापत्रकातली स्टेशनं ही त्याची हक्काची जागा झाली. १८८४ पासून निघू लागलेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशातही मुख्य शब्द क्लॅरेंडनमध्येच आहेत.

हा टाइप विज्ञानात आणला तो ऑलिव्हर हेविसाइडनं. आपल्या क्षेत्रातला हा एक विलक्षण माणूस. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला, तारखात्यात काम केलेला, कानानं अधू, आणि १८७४ नंतर कायमची नोकरीच न केलेला. मॅक्सवेलनं १८७३ च्या आपल्या ग्रंथात सदिशांसाठी जर्मन गॉथिक अक्षरं वापरली होती. हेविसाइडची तक्रार होती की ही अक्षरं हातानं काढणं म्हणजे छळ आहे. छापलेली वाचायलाही त्रास, कारण काही अक्षरं इतकी सारखी दिसतात की भिंग लागावं. सदिश गणिताबद्दल वाचकाचं मत वाईट व्हायला एवढं पुरेसं आहे, असं त्यानं स्पष्टच लिहून ठेवलंय. ऑगस्ट १८८६ मध्ये 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मधल्या लेखात त्यानं सदिशांसाठी क्लॅरेंडन वापरला, आणि १८९३ च्या 'इलेक्ट्रोमॅग्नेटिक थिअरी'च्या पहिल्या खंडात त्याची कारणं दिली.

ती कारणं वाचताना मला जाणवलं की हा माणूस आपल्यापेक्षा फार व्यवहारी होता. पहिलं कारण: हा टाइप कुठल्याही छापखान्यात तयार असतोच. दुसरं: तो स्वच्छ वाचता येतो, कधीकधी तर जरा जास्तच. तिसरं: साध्या आणि तिरप्या टाइपाच्या शेजारी तो उठूनही दिसतो आणि खटकतही नाही. सदिशाच्या चिन्हामागे एवढंच 'तत्त्वज्ञान' आहे. जुळाऱ्याच्या पेटीत कुठले खिळे आधीच पडलेत, यावरून भौतिकशास्त्राची लिपी ठरली. अमेरिकेत गिब्जनं विद्यार्थ्यांसाठी १८८१ आणि १८८४ साली खासगीत छापलेल्या टिपणांत सदिशांना लहान ग्रीक अक्षरं होती. पण १९०१ मध्ये त्याच्या व्याख्यानांवरून एडविन विल्सननं पाठ्यपुस्तक तयार केलं, तेव्हा त्यातही क्लॅरेंडन आला. तिथून तो जगभर गेला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हेविसाइडचा सदिश ठळक होता, पण सरळ उभा. तिरपा नव्हता.

ठळक-तिरपं हे अक्षर टाइपाच्या कुटुंबातलं शेंडेफळ आहे. २० व्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकन टाइप फाउंडर्स कंपनीत मॉरिस फुलर बेंटन हा संकल्पक सेंच्युरी, चेल्टनहॅम अशा टाइपांची मोठमोठी कुटुंबं तयार करत होता, आणि त्यांत ठळक-तिरप्याला रीतसर जागा मिळू लागली. हे शक्य झालं ते त्याच्या वडिलांमुळे. लिन बॉइड बेंटननं ठसे कोरण्याचं यंत्र बनवलं होतं. एका मोठ्या रेखाटनावरून वेगवेगळ्या मापांचे ठसे त्यावर निघत. प्रत्येक माप हातानं कोरायचं असतं, तर क्वचित लागणाऱ्या चौथ्या भावंडासाठी कुणी एवढा घाम गाळला नसता.

तरी छापखान्यात तो दुर्मीळच राहिला. लायनोटाइप यंत्रात एका साच्यावर साधारणपणे दोन अक्षरं असत: साधं आणि तिरपं, किंवा साधं आणि ठळक. त्या जोडीत चौथ्याला जागा नव्हती, त्याच्यासाठी वेगळा संच लागे. पैसे कोण घालणार?

चित्र पालटलं ते १९८५ साली. अ‍ॅपलचा लेझररायटर प्रिंटर आला, त्यात १३ फॉन्ट होते. टाइम्स, हेल्वेटिका आणि कूरियर या तिघांची प्रत्येकी चार रूपं, आणि एक चिन्हांचा फॉन्ट. १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर टाइम्स न्यू रोमनही चारही रूपांत आला. म्हणजे ज्या अक्षरासाठी पूर्वी छापखान्याला वेगळा खर्च करावा लागे, ते प्रत्येक संगणकावर दोन बटणांच्या अंतरावर येऊन बसलं.

आता थोडं अक्षराच्या आत डोकावू. 'ठळक-तिरपं म्हणजे ठळक अक्षर कलवलं की झालं' असं मी समजत होते. तसं नाही, आणि हे पडताळायला तुम्हाला कुठल्या अभिलेखागारात जायला नको. अडोबीच्या टाइम्सची मापं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात, ती उघडून वाचता येतात. अक्षराच्या उंचीचं माप १००० भागांचं धरलं, तर उभ्या दांड्याची जाडी साध्या टाइपात ८४, तिरप्यात ७६, ठळकमध्ये १३९ आणि ठळक-तिरप्यात १२१ आहे. म्हणजे ठळक-तिरपं हे ठळकपेक्षा हलकं आहे. कलसुद्धा तंतोतंत तोच नाही: तिरप्याचा १५.५ अंश, ठळक-तिरप्याचा १५.

यातलं कोडं 'एम' या लहान अक्षरात दिसतं. त्याची रुंदी साध्यात ७७८, तिरप्यात ७२२, ठळकमध्ये ८३३ आणि ठळक-तिरप्यात परत ७७८, म्हणजे साध्याइतकीच. पण 'एम'ला तीन दांडे असतात आणि प्रत्येक दांडा साध्याहून ३७ भागांनी जाड झालाय. हे १११ भाग आणायचे कुठून? दांड्यांमधल्या पांढऱ्या जागेतून. ठळक-तिरपं अक्षर काढणाऱ्याचं खरं काम काळ्यापेक्षा या पांढऱ्याशी असतं. पोकळी फार आवळली तर बारीक मापात 'ई'चं 'सी' वाटायला लागतं, आणि तिरप्या अक्षरात दांड्यातून कमान फुटते तो कोपरा शाई पसरून बुजतो. म्हणून तिथे रेघ मुद्दाम बारीक करतात आणि दांडाही थोडा हलका ठेवतात.

खरं ठळक-तिरपं ओळखायचं कसं? 'ए' हे लहान अक्षर बघा. साध्या टाइपात त्याला वर टोपी आणि खाली पोट असतं, खऱ्या तिरप्यात ते एकमजली होतं, हातानं लिहितो तसं. 'एफ'चं शेपूट खऱ्या तिरप्यात सहसा ओळीच्या खाली उतरतं. टोकांचे सपाट सेरिफ जाऊन तिथे लेखणी टेकवल्यासारखे आत-बाहेर जाणारे फटकारे येतात. फॉन्टमध्ये चौथं रूप नसेल, तर सॉफ्टवेअर सरळ अक्षरालाच ढकलून कलवतं आणि कडा फुगवतं. तिथे दुमजली 'ए' तसाच कललेला दिसतो, धक्का लागलेल्या कपाटासारखा. आपल्या देवनागरीत तर हेच नेहमी होतं. नागरीच्या छपाईत इटॅलिकची जुनी परंपरा नाही, जोर द्यायचा तर जाड ठसा. वर्डमध्ये मराठी शब्द निवडून तिरपा केला की बहुतेक वेळा यंत्रानं ढकललेलं अक्षरच मिळतं. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी ते टाळलेलंच बरं.

मग सदिशाचं अक्षर तिरपं झालं कशानं? नियमाच्या तर्कानं. राशीचं चिन्ह तिरपं आणि एककाचं सरळ, हा दंडक आधीपासून होता. सदिश ही राशी आहे, म्हणून तिरपा. आणि सदिश आहे, म्हणून ठळक. दोन खुणा दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि एकाच अक्षरावर सुखानं नांदतात. ठळकपणा काढला की त्याच राशीचं परिमाण उरतं. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे आययूपॅकच्या 'ग्रीन बुक'मध्ये (तिसरी आवृत्ती, २००७) सदिश ठळक-तिरपे आहेत, आणि टेन्सरही ठळक-तिरपे, पण सेरिफ नसलेले. २००९ च्या आयएसओ ८००००-२ या मानकातही सदिशाला ठळक-तिरपं अक्षर आहे. म्हणजे इथे सेरिफच्या इवल्याशा पायांनाही अर्थ आला. ते पाय असले तर सदिश, नसले तर टेन्सर.

सगळे हे पाळतात असं मात्र नाही. भौतिकशास्त्राची अनेक नियतकालिकं आजही हेविसाइडसारखा ठळक पण सरळ सदिश छापतात. मला स्वतःला तिरपा जास्त पटतो, कारण त्यात राशीची खूण हरवत नाही. पण निबंध जिथे पाठवायचाय त्यांची पद्धत आधी वाचा, भांडण नंतर. लेटेकमध्ये 'मॅथबीएफ' ही आज्ञा सरळ ठळक अक्षर देते, आणि लहान ग्रीक अक्षरांवर तिचा काही परिणामच होत नाही. त्यामुळे 'ओमेगा' सदिश आहे असं तुम्ही समजता आणि छापून येतो साधा. ठळक-तिरप्यासाठी 'बोल्डसिम्बॉल' किंवा 'बीएम' पॅकेज वापरा.

जीवशास्त्रवाल्यांनो, तुमची गोष्ट थोडी वेगळी. प्रजातीचं लॅटिन नाव तिरपं लिहायचं, आणि ते ठळक मथळ्यात आलं की आपोआप ठळक-तिरपं होतं. अनेक वनस्पतीकोशांत स्वीकृत नाव ठळक-तिरप्यात आणि जुनी समानार्थी नावं नुसत्या तिरप्यात असतात. तिथेही ठळकपणा हरवला, तर कुठलं नाव आज चालू आहे तेच कळत नाही.

हातानं लिहिताना काय? एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात सदिश ठळक छापतात आणि हातानं ठळक काढणं अवघड म्हणून डोक्यावर बाण द्यायला सांगतात. पण काही प्राध्यापक फळ्यावर अक्षराखाली नागमोडी रेघ ओढतात, ती कुठून आली ठाऊक आहे? ती मुद्रितशोधनाची खूण आहे. अक्षराखाली सरळ रेघ म्हणजे जुळाऱ्याला सूचना, 'तिरपा लाव'. नागमोडी रेघ म्हणजे 'ठळक लाव'. एकाखाली एक दोन्ही ओढल्या की ठळक-तिरपा. फळ्यावरची ती नागमोडी रेघ खरं तर छापखान्यासाठीचा निरोप आहे, छापखाना समोर नसतानाही दिलेला.

२००१ मध्ये युनिकोडच्या ३.१ आवृत्तीत गणिती अक्षरांचा एक वेगळा गट आला. त्यात ठळक-तिरप्या 'एफ'ला साध्या 'एफ'हून वेगळा, स्वतःचा क्रमांक आहे. ठळकपणा वरून चढवलेला रंग न राहता अक्षराचाच भाग झाला, त्यामुळे कॉपी-पेस्टमध्ये तो गळत नाही. (नुसत्या तिरप्या लहान 'एच'ची जागा त्या गटात रिकामी आहे, कारण प्लांकचा स्थिरांक म्हणून तो आधीच दुसरीकडे नोंदलेला होता.) आता लोक ही अक्षरं सोशल मीडियावर आपली नावं नटवायला वापरतात. मग दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं त्या नावांवर अडखळतात किंवा एकेक अक्षर 'गणिती ठळक तिरपा अमुक' असं वाचत बसतात.

प्रकरण तीन मी दुरुस्त करून परत दिलं. पीडीएफमधून छापील प्रत काढली आणि वर्डच्या प्रतीशेजारी ठेवून एकेक समीकरण ताडून पाहिलं. जिथे ठळकपणा गळला होता तिथे लाल पेननं खाली दोन रेघा ओढत गेले, एक सरळ आणि एक नागमोडी. तेरावं पान सगळ्यात लाल झालं.